भिंतीपासून कापडाकडे : ब्लाइंड, ऑनिंग आणि जाळीचे हार्डवेअर

खिडकीला ब्लाइंड लावायचे ठरले की आपण आधी कापडाचा रंग निवडतो, मग पोत पाहतो आणि ब्रॅकेट, स्क्रू, साखळी यांचा विषय खोक्यातून जे निघेल त्यावर सोडून देतो. प्रत्यक्षात कापडाचे वजन नळी पेलते, नळीचे वजन ब्रॅकेट पेलतात, ब्रॅकेटला स्क्रू धरून ठेवतात आणि स्क्रूला भिंत. या साखळीत सर्वांत कच्चा दुवा जिथे असेल तिथेच बिघाड होतो, आणि तो दुवा बहुतेक वेळा भिंतीत, नजरेआड असतो. म्हणूनच या चित्रफितीत आपण उलट्या क्रमाने जाणार आहोत : आधी भिंत, मग पकड, मग यंत्रणा आणि सर्वांत शेवटी कापड किंवा जाळी.

भिंतीवर सर्वांत वर असतो गिलावा. तो दिसायला टणक असला तरी १२ ते २० मिलिमीटर जाडीचा हा थर ओढ सहन करण्यासाठी केलेला नसतो. स्क्रूची लांबी ठरवताना गिलाव्याची जाडी हिशेबातून वगळावी आणि प्लग, म्हणजे स्क्रूला छिद्रात पकड देणारी छोटी नळी, त्याच्या मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये पूर्ण रुतेल असे पाहावे. भरीव विटेत आणि काँक्रीटमध्ये साधा प्लॅस्टिकचा प्लग ब्लाइंडसाठी पुरेसा असतो, कारण स्क्रू आत शिरताना तो फुगतो आणि छिद्राच्या कडांवर दाब देतो. पोकळ विटेत मात्र फुगलेल्या प्लगला दाबायला काहीच नसते, तर हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकमध्ये दाबामुळे आतला ठिसूळ भागच चुरतो, म्हणून या दोन्हींसाठी त्या त्या साहित्याकरिता बनवलेलेच प्लग वापरावेत. जिप्सम बोर्डावर बोर्डाच्या मागे पंख उघडणारा टॉगल प्लग लावावा किंवा, त्याहून चांगले म्हणजे, मागची धातूची पट्टी शोधून तिच्यात स्क्रू धरावा.

छिद्र पाडताना दोन गोष्टींकडे हटकून दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे खोली. छिद्र प्लगपेक्षा साधारण १० मिलिमीटर जास्त खोल हवे, म्हणजे साचलेल्या भुकटीवर प्लगचे टोक अडकत नाही. दुसरी म्हणजे ती भुकटीच. ती ब्रशने आणि हवेच्या झोताने काढली नाही तर प्लग विटेला न भिडता भुकटीला भिडतो, आणि रासायनिक अँकर, म्हणजे छिद्रात भरलेल्या चिकट लगद्याने पक्का होणारा बोल्ट, वापरत असल्यास तो लगदा भिंतीऐवजी धुळीला चिकटतो. खिडकीच्या कोपऱ्याजवळ छिद्र घ्यावे लागले तर फुगणारा अँकर टाळावा, कारण त्याच्या दाबाने कडेचा तुकडाच निखळू शकतो.

आता मापाकडे वळू. ब्लाइंड खिडकीच्या खाचेच्या (भिंतीच्या जाडीतल्या खिडकीच्या मोकळ्या जागेच्या) आत बसवायचे असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत लहान माप धरावे. दोन्ही कर्णही मोजावेत, कारण त्यांत फरक असला तर खिडकी काटकोनात नाही हे तिथेच कळते. ब्लाइंड बनवून घेताना आपण दिलेले माप खिडकीच्या मोकळ्या जागेचे आहे की तयार ब्लाइंडचे, हे लेखी स्पष्ट करावे. बनवणारा पहिल्या मापातून ब्रॅकेटपुरती वजावट करतो आणि दुसऱ्यातून करत नाही, त्यामुळे एवढ्या एका गैरसमजापायी तयार ब्लाइंड आत बसत नाही किंवा दोन्ही बाजूंनी उजेडाच्या रुंद फटी राहतात. अर्थात रोलर ब्लाइंडमध्ये, म्हणजे नळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या ब्लाइंडमध्ये, यंत्रणेच्या जाडीमुळे थोडी फट राहतेच. ज्यांना पूर्ण अंधार हवा त्यांनी ब्लाइंड खिडकीबाहेर भिंतीवर बसवून प्रत्येक बाजूला ७५ ते १०० मिलिमीटर जादा रुंदी ठेवावी.

खाचेची खोली किती हवी, हे गणिताने काढता येते. ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीवर अर्धा मिलिमीटर जाडीचे २ मीटर कापड गुंडाळले तर गुंडाळीचा व्यास सुमारे ५४ मिलिमीटर होतो. त्याशिवाय खिडकीची मूठ किंवा कडी आत येत असेल तर कापड तिला घासणार नाही इतके अंतर सोडावे लागते.

नळीचा व्यास हा रोलर ब्लाइंडचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा तपशील आहे. एकसारख्या भाराखाली नळीचा मधला झोळ तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. खिडकीची रुंदी दुप्पट झाली आणि नळी तीच राहिली, तर झोळ सोळा पट होतो. याउलट नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दीडपट केला तर तिचा ताठपणा तिपटीहून अधिक वाढतो. म्हणून रुंद खिडकीसाठी थोडी जाड नळी घेण्यात जो जादा खर्च होतो, तो मला संपूर्ण ब्लाइंडमधला सर्वांत सार्थ खर्च वाटतो. वाकलेल्या नळीवर कापड सरळ गुंडाळले जात नाही, त्याच्या मध्यभागी तिरक्या सुरकुत्या येतात, आणि त्या इस्त्रीने किंवा कापड बदलून जात नाहीत.

दोन्ही ब्रॅकेट एका पातळीत असणेही तितकेच आवश्यक आहे. खिडकीची वरची कड कललेली असली तरी ब्रॅकेट पाणसळीनेच लावावेत, कडेशी समांतर नव्हे. एक ब्रॅकेट जरासा खाली राहिला तरी प्रत्येक फेऱ्याला कापड थोडे थोडे एका बाजूला सरकते आणि शेवटी त्याची कड ब्रॅकेटला घासून विरते.

साखळीशिवाय, केवळ स्प्रिंगवर चालणाऱ्या रोलरची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. स्ट्युअर्ट हार्टशॉर्न यांनी १८६४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. पडद्यावर दिसणाऱ्या या रोलरच्या एका टोकाची पिन गोल आहे आणि दुसऱ्या टोकाची चपटी. चपटी पिन ब्रॅकेटच्या खाचेत अडकून स्थिर राहते, त्यामुळे नळी फिरली की आतली स्प्रिंग तिच्याभोवती आवळली जाते. त्याच टोकाला एक छोटा खटका असतो. आपण कापड सावकाश सोडले की तो स्वतःच्या वजनाने दातऱ्यात पडतो आणि ब्लाइंड तिथेच थांबते. हलका झटका देऊन सोडले की नळी वेगाने फिरते, खटका बाहेर फेकला जातो आणि कापड वर जाते. अशा रोलरची स्प्रिंग मंदावल्यास नवे यंत्र आणण्याआधी एक उपाय करून पाहावा : कापड थोडे खाली ओढून रोलर ब्रॅकेटमधून काढावा, कापड हाताने गुंडाळावे आणि रोलर परत बसवावा. तेवढ्याने स्प्रिंगला जादा पीळ मिळतो.

आडव्या पट्ट्यांच्या व्हेनेशियन ब्लाइंडमध्ये भार वरच्या धातूच्या पेटीवर येतो. रुंदी वाढली की दोन टोकांच्या ब्रॅकेटखेरीज मध्ये आणखी एक आधार द्यावा, एवढे लक्षात ठेवले तरी बरेचसे काम होते.

दोऱ्या आणि साखळ्या यांच्याविषयी मात्र घाई करून चालणार नाही. लोंबकळणारी दोरी किंवा साखळीची मोकळी कडी लहान मुलाच्या गळ्याभोवती अडकून जीव जाऊ शकतो, आणि असे मृत्यू अनेक देशांत नोंदवले गेले आहेत. युरोपातील ईएन १३१२० या मानकात २०१४ मध्ये याविषयीचे नियम कडक करण्यात आले. अमेरिकेत तयार मापाच्या ब्लाइंडसाठी २०१८ च्या अखेरीपासून मोकळ्या दोरीशिवायची रचना किंवा मुलाच्या हाती न लागणारी दोरी आवश्यक ठरली. घरात मुले असोत वा पाहुणी येत असोत, शक्य तिथे दोरीविना चालणारे ब्लाइंडच घ्यावे. साखळीचे ब्लाइंड आधीच बसवलेले असेल तर ती साखळी भिंतीवर स्क्रूने पक्क्या केलेल्या ताण-कडीत, म्हणजे साखळी ताठ धरून ठेवणाऱ्या कडीत, ओवावी, दोरी गुंडाळण्याची खुंटी जमिनीपासून किमान १.५ मीटर उंचीवर लावावी आणि पाळणा, खाट किंवा खुर्ची त्या खिडकीजवळ ठेवू नये. ही ताण-कडी खोक्यात असते, पण कित्येकदा ती न बसवताच काम संपवले जाते. ती बसवल्याशिवाय बसवणाऱ्याला जाऊ देऊ नये.

ऑनिंग, म्हणजे खिडकीबाहेर भिंतीवरून पुढे येणारे कापडी छत, ही वेगळ्याच ताकदीची वस्तू आहे. ती ऊन काचेच्या बाहेरच अडवते, म्हणून उष्णतेच्या बाबतीत आतल्या ब्लाइंडपेक्षा ती कितीतरी सरस ठरते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार ऑनिंगमुळे दक्षिणेकडच्या खिडकीतून येणारी सूर्याची उष्णता ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेकडच्या खिडकीतून ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. परंतु हा फायदा घेताना आपण भिंतीवर एक लांब तरफ बसवत असतो.

हिशेब करून पाहू. ३ मीटर रुंद आणि २ मीटर बाहेर येणाऱ्या ऑनिंगचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६१ न्यूटन असतो, म्हणजे संपूर्ण कापडावर सुमारे ३७० न्यूटन, साधारण ३७ किलोचा जोर. हा जोर भिंतीपासून सरासरी १ मीटरवर काम करतो. दोन ब्रॅकेट असतील आणि प्रत्येकावरच्या बोल्टांमधले अंतर १० सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक ब्रॅकेटच्या एका बाजूच्या बोल्टांवर सुमारे १९० किलोची ओढ येते, आणि यात ऑनिंगचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. हा आकडा पाहिल्यावर ब्लाइंडचे स्क्रू इथे का चालत नाहीत, हे वेगळे सांगावे लागत नाही. काँक्रीटच्या लिंटेलमध्ये, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईत, योग्य अँकर बोल्ट आणि पोकळ विटेत जाळीदार नळीसह रासायनिक अँकर हीच इथली योग्य पकड आहे, आणि भिंतीची खात्री नसेल तर आधी जाणकाराला दाखवावे.

ईएन १३५६१ या मानकात ऑनिंगचे वाऱ्यानुसार वर्ग केलेले आहेत. पहिला वर्ग ताशी २८ किलोमीटरपर्यंतच्या, दुसरा ३८ पर्यंतच्या आणि तिसरा ४९ पर्यंतच्या वाऱ्यासाठी. खरेदी करताना हा वर्ग विचारावा. तिसऱ्या वर्गाची ऑनिंगसुद्धा वादळात गुंडाळूनच ठेवायची असते. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी कापडाला साधारण १४ अंशांचा उतार द्यावा. उतार कमी पडला की कापडावर पाणी साचते, आणि सरासरी केवळ १ सेंटिमीटर पाणी साचले तरी वरच्या उदाहरणातल्या ऑनिंगवर ६० किलो वजन वाढते. बाहेरच्या कामात स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. समुद्राजवळ ३१६ दर्जाचे घ्यावेत, कारण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते क्षारांपुढे अधिक टिकतात. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घालावा, नाहीतर खारट ओलाव्यात स्क्रूभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम खड्डे पडून झिजते.

शेवटी जाळी. डासांसाठी सर्वत्र वापरली जाणारी १८ बाय १६ ची जाळी म्हणजे एका इंचात एकीकडे १८ आणि दुसरीकडे १६ धागे. तिची भोके १ मिलिमीटरहून किंचित मोठी असतात. वाळूमाशीसारख्या बारीक कीटकांसाठी याहून दाट विणीची जाळी लागते, पण दाट जाळीतून वारा कमी येतो, म्हणून ती गरजेपुरतीच वापरावी. फायबरग्लासच्या जाळीला घडी पडत नाही आणि ती बसवायला सोपी असते, तर अ‍ॅल्युमिनियमची जाळी ताठ राहते, पण एकदा वाकली की खूण कायमची राहते.

चौकटीच्या आतल्या बाजूला चारही कडांनी एक अरुंद खाच असते. तिच्यावर जाळी पसरून स्प्लाइन नावाची रबरी दोरी छोट्या चाकाच्या अवजाराने खाचेत दाबायची असते. दोरीची जाडी खाचेशी आणि जाळीच्या धाग्याशी जुळायला हवी : बारीक दोरी काही दिवसांत सुटून येते आणि जाड दोरी दाबताना चाक घसरून जाळी कापली जाते. जाळी ओढून धरण्याचा मोह टाळावा. ती हाताने फक्त सपाट करावी, कारण दोरी खाचेत उतरताना स्वतःच जाळीला ताण देते. आधीच ओढलेल्या जाळीला हा ताण मिळाला की अ‍ॅल्युमिनियमच्या लांब बाजू मधोमध आत वाकतात, आणि मग तीच चौकट खिडकीशी जुळत नाही व कडेच्या फटीतून डास आत येतात. उंच चौकटीला मध्ये एक आडपट्टी द्यावी.

चौकट खिडकीत अडकवण्यासाठी स्प्रिंगच्या पिना, फिरत्या खिट्या किंवा चुंबकाची पट्टी यांपैकी काहीही चालते. मात्र जाळी कितीही घट्ट बसवली तरी ती कठड्याचे काम करू शकत नाही, तिच्यावर रेललेल्या मुलाचे वजन ती पेलणार नाही. त्याचबरोबर आग लागल्यास तीच खिडकी बाहेर पडण्याचा मार्ग असू शकते. म्हणून जाळीची खिटी आतून आणि कोणत्याही अवजाराविना उघडली पाहिजे, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ती एकदा तरी स्वतःच्या हाताने उघडून पाहिलेली असली पाहिजे.