नागपूरच्या महालक्ष्म्या

भाद्रपदात नागपुरात "तुमच्याकडे गौरी असतात का?" असे सहसा कोणी विचारत नाही, "महालक्ष्म्या बसतात का?" असे विचारतात. म्हणायचे 'बसतात', पण असतात त्या उभ्या. कोकणात तेरड्याच्या रोपांतून किंवा पाणवठ्यावरच्या खड्यांतून येणारी गौर इकडे धान्य भरलेल्या कोठ्यांवर मुखवटा लावून, साडी नेसून, जोडीने उभी राहते. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा.

हा सण तिथीपेक्षा नक्षत्रावर चालतो. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन होते. एक नक्षत्र ओलांडायला चंद्राला साधारण एक दिवस लागतो, म्हणून मुक्काम तीन दिवसांचा. पावसाळी ढग बाजूला झालेच, तर पूजनाच्या संध्याकाळी नैर्ऋत्येला चंद्राच्या आसपास दिसणारा तांबूस तारा हाच ज्येष्ठा.

पुराणांत मात्र ज्येष्ठा म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, जिला दाराबाहेर ठेवायचे. इथल्या घरांत तो हिशेब कोणी करत नाही. माहेरी आलेल्या दोघी लेकींना उंबरठ्यापासून रांगोळीच्या पावलांवरून, सोन्याच्या पावलांनी आल्याचे म्हणत, सारख्याच मानाने आत आणले जाते.

खरी धांदल दुसऱ्या दिवसाची. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, वडे हे सारे असतेच. पण वैदर्भीय माणूस पानावर आधी शोधतो ती आंबील. ज्वारी भिजवून, भरडून, ताकात शिजवलेली ही आंबट, दाटसर आंबील ज्या घरी जमली, त्या घरचे जेवण पुढच्या वर्षापर्यंत आठवणीत राहते. आरतीला पुरणाचेच सोळा दिवे असतात. तुपाने भिजलेली वात विझली की पुरणाच्या कडा किंचित करपलेल्या दिसतात. मूर्तींच्या डोक्यावर दोऱ्यांनी टांगलेला फुलोरा हलत असतो, त्यात करंज्यांबरोबर तळलेल्या कणकेची वेणी आणि फणीही असते, कारण लेकीच्या शृंगाराचे साहित्यही घरातल्या कढईतूनच निघायला हवे.

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून, अक्षता वाहून मुखवटे जागेवरून हलवतात. मग ते कापसात गुंडाळून पेटीत ठेवले जातात, साड्यांच्या घड्या होतात, कोठ्यांतले धान्य पुन्हा स्वयंपाकघरातल्या डब्यांत जाते, आणि तीन दिवस वर पाहत बसलेल्या मुलांच्या हाती फुलोऱ्यातली करंजी येते.