बिनपंखी रॉकेट सरळ कसं जातं?

श्रोतेहो, नमस्कार. मॉडेल रॉकेट म्हटलं की लांब नळी, वर टोक आणि खाली तीन-चार पंख डोळ्यांपुढे येतात. पण नुसत्या शंकूच्या, पिरॅमिडच्या किंवा तबकडीच्या आकाराची रॉकेटंही उडतात. एकही पंख नसताना सरळ वर जातात! ती कशी, ते आज पाहू.

हवेत रॉकेट जरा कललं की ते गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे जिथे त्याचा तोल साधतो त्या बिंदूभोवती, फिरू लागतं आणि हवेचा रेटा त्याच्या अंगावर बसतो. हा रेटा जिथे एकवटलाय असं धरतात, तो दाबमध्य. तो गुरुत्वमध्याच्या मागे असला, तर हवाच शेपूट ढकलून रॉकेट सरळ करते. पुढे असला तर टोक आणखी वळतं आणि रॉकेट कोलांट्या खातं. पंख दाबमध्य मागे नेतात, बस. फटाक्यातल्या रॉकेटची काडीही तेच करते. इंग्रज संशोधक विल्यम हेल यांनी १८४४ मध्ये काडीला फाटा दिला, तो मात्र रॉकेट स्वतःभोवती गरगर फिरवून.

आता शंकू घेऊ. त्याचा दाबमध्य टोकापासून दोन-तृतीयांश उंचीवर असतो. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या शंकूत २० सेंटिमीटरवर. आणि पातळ पुठ्ठ्याच्या पोकळ शंकूचा गुरुत्वमध्य? तोही नेमका तिथेच! मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आकार तुम्हाला साथही देत नाही आणि विरोधही करत नाही. सगळं वजनावर येऊन ठेपतं. पुठ्ठा ४० ग्रॅमचा धरा. बुडाशी २४ ग्रॅमची, ७ सेंटिमीटर लांब मोटर, म्हणजे रॉकेट ढकलणारी इंधनाची नळकांडी, बसवली की गुरुत्वमध्य सुमारे २२.४ सेंटिमीटरवर सरकतो, म्हणजे दाबमध्याच्या मागे. मग टोकात, ४ सेंटिमीटरवर, ३० ग्रॅम माती दाबून बसवा. गुरुत्वमध्य साडेसोळाच्या आसपास येतो.

नळीच्या रॉकेटांचा नियम गुरुत्वमध्य आणि दाबमध्य यांच्यात नळीच्या एका व्यासाएवढं अंतर मागतो. १५ सेंटिमीटर रुंद शंकूला ते कुठून जमणार? पण रुंद बुडामागे हवेचा दाब घटतो आणि ती ओढ शेपूट मागे धरून ठेवते. आखूड-जाड रॉकेटं या आधारावर तरून जातात. तरी पहिल्या उड्डाणाला मी माती ठेवायलाच सांगेन.

एक गैरसमज मात्र मनातून काढाच. मोटर वर ठेवली की खालचं वजन लंबकासारखं लटकून रॉकेट सरळ राहील, असं अनेकांना वाटतं. अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांच्या १६ मार्च १९२६ च्या रॉकेटमध्येही मोटर वरच होती. पण मोटरचा जोर रॉकेटबरोबरच कलतो, त्यामुळे तो रॉकेटला परत सरळ करत नाही. पुढे त्यांनी मोटर खाली आणली. शिवाय मोटर नळीत खोलवर घातली तर जोरही घटतो.

उडवण्याआधी न वापरलेली मोटर बसवून, पण इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी तार, न घालता, तोल जिथे साधतो तिथे दोरी बांधा आणि मोकळ्या जागेत रॉकेट डोक्याभोवती फिरवा. टोक पुढे ठेवून फिरलं तर भरवसा धरा. आडवं किंवा उलटं फिरलं तर आणखी माती घाला आणि पुन्हा फिरवा. जळत जाणारं इंधन मागचं वजन कमी करतं, म्हणून अशा रॉकेटची खरी कसोटी उड्डाणाला दिशा देणारी दांडी सोडतानाच लागते. वाऱ्याच्या दिवशी ते उडवू नका.