सोनटक्क्याचा गड्डा श्रावणात मागू नका

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘कंद कधी काढावेत, कधी लावावेत’, त्यावर येतोच मी, पण आधी एक जुनं दुखणं सांगू दे. श्रावण लागला, सोनटक्का फुलला, वास बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत गेला की माणसं आत येतात, ‘काय घमघमाट हो, एक गड्डा द्या ना आम्हाला’. ऐन फुलात! वर कणसं भरलेली, रोज संध्याकाळी दोनचार फुलं उमलतायत, झाडाने साठवलेलं सगळं तिकडे चाललंय आणि आपण खालून पारय घालायची. शेजारधर्म म्हणून द्यावा तर तो गड्डा त्यांच्याकडे चिखलात बसतो, कापलेल्या तोंडातून पाणी शिरतं आणि कुजतो. मग पुढच्या श्रावणात परत, ‘तुमचा तो गड्डा काही जगला नाही, दुसरा द्याल?’ हात वर करा बघू कोणी कोणी मागितलाय. बघा, पहिली रांग पूर्ण!

आता हाच घोळ आयरिसचा, म्हणजे थंड मुलखातल्या एका कंदाच्या फुलझाडाचा, सुरू झालाय. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी दाढीवाल्या आयरिसचे कंद ऑनलाइन मागवले, ते जुलैत आले, सोबत कागद की जुलै-ऑगस्टात लावा, कंदाची पाठ मातीच्या वर उन्हात ठेवा. कागदात चूक काहीच नाही, पण ते थंड मुलखाचं गणित आहे. तिथे आयरिस वसंतात फुलतो, फुलं सरल्यावर कंदाला नवी मुळं फुटतात, म्हणून त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी तो उकरतात, मधला जुना पोकळ भाग टाकतात, कडेचे ताजे तुकडे पानं आखूड करून परत लावतात, दर तीन-चार वर्षांनी. आणि रत्नागिरीत? वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस, जुलैत पाठीला ऊन कुठलं दाखवणार? काकूंनी वर प्लास्टिक बांधलं, खाली वाळू घातली, तरी थोड्या दिवसांत कंद बोटाने दाबला तर आत पिठल्यासारखा. फार वाईट वाटलं त्यांना, आणि मलाही, कारण पैसे गेले ते गेले, पण ‘माझ्या हाताला गुणच नाही’ असं त्या म्हणायला लागल्या. अहो, त्या झाडाला फुलायला हिवाळ्याची कडक थंडी लागते, ती आपल्याकडे पडतच नाही, त्यात हाताचा काय संबंध?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की महिना बघू नका, झाड नवी मुळं कधी टाकतं ते बघा आणि त्याच्या जरा आधी हलवा. आयरिसची ती वेळ फुलांनंतर, आपल्या सोनटक्क्याची पहिल्या पावसाबरोबर.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं, तर भराभर सांगतो. सोनटक्क्याचं एक खोड एकदाच फुलतं, मग वाळतं, नवे फुटवे बाहेरच्या अंगाला येतात, त्यामुळे न्हाणीच्या सांडपाण्यावर वर्षानुवर्षं तसंच सोडलेलं बेट मध्ये पोकळ होतं आणि फुलं कमी होतात. रोहिणी निघाली, म्हणजे 25 मेच्या सुमारास, की ते उकरा. डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, तेव्हा टपोरे, गुलाबीसर दिसतात. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत, कोयती स्वच्छ, कापलेल्या जागी चुलीतली राख, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. मग मृगाच्या तोंडावर दोन-तीन इंच खोल, दीड-दोन फुटांवर लावा, खाली कुजलेलं शेणखत, वर पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा. आयरिसच्या उलट इथे कंद झाकायचा बरं का, उघडा टाकू नका. जांभ्याच्या कातळावर माती कमी असेल तर आधी वाफा उंच करा, पाणी साचता कामा नये. हळदीचं बेणंही याच सुमारास लावतात. कर्दळीलाही हेच चालतं, ती जरा जास्त सोसते.

गड्डे हवेत त्यांनी मृगाच्या आधी आमच्या घरामागच्या परड्यात या, येताना गोणपाट आणा, प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजतात.