सावलीतल्या वेलींना आधार हवा

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईत बागेचा विषय निघाला की पहिली तक्रार उन्हाची असते. समोरची इमारत अगदी जवळ, खिडकीला ग्रील, आणि तळमजल्यावर राहत असाल तर कुंपणाच्या भिंतीलगतचा एक अरुंद पट्टा, जिथे दिवसभर सावलीच असते. मोगरा, जाई किंवा मधुमालती अशा जागी फुलणार नाही आणि तसा हट्टही धरू नये. परंतु घनदाट अरण्यात मोठ्या झाडांच्या छायेत वाढणाऱ्या वेलींना हीच जागा मानवते, आणि त्या कुंडीत उत्तम येतात.

मनीप्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरचा. सिंगोनियम आणि मॉन्स्टेरा या शोभेच्या पानांच्या वेली मध्य अमेरिकेच्या बाजूच्या. आपल्याकडची उदाहरणे तर अधिक ओळखीची आहेत. कोकणात माड-पोफळीच्या बुंध्यावर मिरीचा वेल चढवतात, आणि पानमळ्यात नागवेलीला शेवगा, शेवरी, पांगारा यांची सावली आणि आधार दोन्ही देतात. या दोन्ही वेली कुंडीत लावता येतात, आणि माझे मत विचाराल तर मुंबईकराने सुरुवात नागवेलीनेच करावी.

आता मुख्य मुद्दा आधाराचा. आपण मनीप्लांट टांगत्या कुंडीत लावून खाली सोडतो, आणि मग पाने लहान होत चालली म्हणून खत घालत राहतो. खरे तर या वेलींची पाने वर चढताना मोठी होतात आणि लोंबताना बारीक राहतात. जुन्या झाडाच्या बुंध्यावर चढलेला मनीप्लांट पाहिला, तर त्याची फाटलेली, सुपाएवढी पाने ओळखूही येत नाहीत. आधाराची ओढ मनीप्लांट आणि मॉन्स्टेरा यांच्या कुळात किती खोल आहे, हे स्ट्राँग आणि रे या शास्त्रज्ञांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत दिसते. कोस्टा रिकाच्या अरण्यातील मॉन्स्टेराच्या एका जातीची कोवळी रोपे उजेडाकडे न जाता काळोखाच्या दिशेने सरपटतात, कारण जंगलात सर्वांत गडद दिसतो तो जवळच्या झाडाचा बुंधा. बुंधा सापडल्यावर मग वेल उजेडाकडे चढू लागतो.

कुंडीत हा बुंधा आपण तयार करायचा. जाड बांबूला नारळाच्या सोडणाचा काथ्या लपेटून त्यावर सुंभ घट्ट गुंडाळावा आणि वेल लावण्याआधीच तो कुंडीच्या तळापर्यंत रोवावा. मनीप्लांटच्या प्रत्येक पेरापाशी तपकिरी रंगाचा एक बारीक कोंब दिसतो. ते हवाई मूळ. काथ्या ओला असेल तरच ते त्यात शिरते, कोरडा असेल तर तिथल्या तिथे वाळून जाते. म्हणून पाणी देताना काथ्याही वरून खालपर्यंत भिजवावा, आणि मुळे धरेपर्यंत पेराजवळ सैलसर दोऱ्याने बांधावे.

नर्सरीतील निव्वळ लाल माती पावसाळ्यात घट्ट बसते आणि मुळे कुजतात. तीत कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी जाडसर वाळू मिसळावी. सावलीत माती सावकाश वाळते. बोट दोन पेरे आत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. मनीप्लांट आणि मॉन्स्टेरा यांचे पान चावल्यास तोंडाची आग होते, तेव्हा रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवावी.

उत्तरेच्या गॅलरीविषयी एक सूचना. मे महिन्याच्या मध्यानंतर मुंबईत सूर्य माध्यान्हीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन एरवी सावलीत असलेल्या या गॅलरीतही शिरते. पाऊस येईपर्यंत कुंड्या भिंतीकडे सरकवाव्यात, नाहीतर नागवेलीची पाने करपतात.

वेल काठीच्या टोकावर गेला की तो खाली लोंबू न देता शेंडा दोन-तीन पेरांसह कापावा आणि त्याच कुंडीत, काठीच्या पायथ्याशी खोचावा. जून-जुलैच्या दमट हवेत तो लवकर मुळे धरतो, आणि कापलेल्या जागेच्या खालूनही नवी फूट येते.