म्हाताऱ्या पावसाआडचा भडका

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री पन्हाळ्याच्या तटावरून वाघबीळच्या बाजूला बघा. लांबच्या गाडीचा एकच ठिपका दिसतो. मोटारसायकल की ट्रक, काही कळत नाही. गाडी जवळ आली की एकाचे दोन दिवे होतात. दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांच्या बाबतीतही हाच घोळ आहे, फक्त तिथली गाडी जवळ येत नाही.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक अजस्र कृष्णविवर असतं. आपल्या आकाशगंगेतलं सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वजनाचं आहे. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की दोघींची कृष्णविवरं एकाच घरात नांदायला येतात. एनजीसी ६२४० या दीर्घिकेत २००२ साली चंद्रा या अवकाश दुर्बिणीनं क्ष-किरणांत असे दोन दिवे सुटे करून दाखवले. त्यांच्यात सुमारे ३,००० प्रकाशवर्षांचं अंतर होतं, म्हणून जमलं.

जोडी याहून जवळची असली तर? मग जुन्या नोंदी काढून बसायचं.

कर्क राशीत ओजे २८७ नावाची दीर्घिका आहे, सुमारे ३५० कोटी प्रकाशवर्षं लांब. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या फोटोंच्या काचांवर हा ठिपका कुणाच्या ध्यानीमनी नसताना उमटत आला होता. त्या नोंदी जुळवल्यावर दिसलं, की साधारण १२ वर्षांत तो दोनदा भडकतो. फिनलंडचे माउरी वाल्टोनेन आणि त्यांचे सहकारी म्हणतात, इथं सूर्याच्या १,८०० कोटी पट वजनाच्या थोरल्या कृष्णविवराभोवती १५ कोटी पट वजनाचं धाकटं फिरतंय. थोरल्याभोवती तापलेल्या वायूची चकती आहे. धाकटं प्रत्येक फेरीत ती दोनदा भेदून आरपार जातं, आणि भडका उडतो. घड्याळ लावावं असे हे भडके येत नाहीत, कारण आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे कक्षाच दर फेरीला वळत जाते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लंकेश्वर डे, ए. गोपकुमार आणि सहकाऱ्यांनी हे वळणाचं गणित आणखी काटेकोर केलं. पुढचा भडका ३१ जुलै २०१९ ला, असं त्यातून निघालं. आता तारखेकडे बघा. सूर्य तेव्हा पुष्यात, म्हणजे आपला म्हातारा पाऊस. पुढच्या आठवड्यात पंचगंगेच्या महापुरानं कोल्हापुरात काय केलं ते तुम्हाला सांगायला नको! पण आभाळ निरभ्र असतं तरी उपयोग नव्हता. पुष्य कर्केतच येतं, त्यामुळं पृथ्वीवरून बघता ओजे २८७ सूर्याच्या झगमगाटात बुडालेलं होतं.

स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण मात्र पृथ्वीच्या मागे सुमारे २५ कोटी किलोमीटरवर होती. तिला बाजूनं दिसलं. भडका आला, आणि भाकिताशी फरक पडला चार तासांच्या आतला. पुढं सहा महिन्यांत स्पिट्झर कायमची बंद झाली.

थोरल्याचं वजन एवढं नसावं, असं म्हणणारे खगोलशास्त्रज्ञही आहेत. तो वाद मिटलेला नाही. माझं मन मात्र त्या चार तासांच्या बाजूनं आहे.

मार्चमधल्या अंधाऱ्या रात्री नऊच्या सुमारास पन्हाळ्यावर गेलात, तर जवळपास डोक्यावर पुष्यातला धूसर तारकापुंज सापडेल. हात लांब करून त्याच्या पूर्वेला दोन बोटं मोजा. नुसत्या डोळ्यांना तिथं काही दिसणार नाही. दहा-बारा इंची दुर्बीण असली तर एक फिकट ठिपका दिसेल. एकच.