रोज एक जीकेचा प्रश्न: ग्रुपवर टाकण्याआधी तो कसा घडवायचा

नमस्कार मंडळी! तुमचा टेलिग्राम चॅनेल असेल, गावातल्या अभ्यासिकेचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल किंवा यूट्यूब चॅनेल असेल, रोज एक सामान्य ज्ञानाचा प्रश्न टाकायची कल्पना फार चांगली आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं तो वाचतात आणि पाठही करतात. म्हणूनच तुमचा प्रश्न चुकला, तर ती चूक त्यांच्यासोबत परीक्षेच्या हॉलपर्यंत जाते. प्रश्न घडवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ तो तपासायला द्या. आजचा व्हिडिओ त्याच तपासणीवर आहे. फोनवर कुठलं बटण दाबायचं, ते शेवटी बघू.

थेट एक प्रश्न हातात घेऊ.

[स्क्रीनवर: महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ कोणत्या वर्षी जाहीर झाले?]

दिसायला ठीक आहे. पाणथळ जागांचं जतन करण्यासाठी १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर शहरात करार झाला, त्याच्या यादीत आलेली ठिकाणं म्हणजे रामसर स्थळं. महाराष्ट्रातलं पहिलं नांदूर मधमेश्वर, निफाड तालुक्यातलं, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं. आता गंमत बघा. रामसर यादीत त्याच्या नोंदीची तारीख आहे २०१९ ची, पण ते जाहीर झालं जानेवारी २०२० मध्ये. एका पुस्तकात २०१९ छापलंय, दुसऱ्यात २०२०. दोन्ही मुलं आपापलं पुस्तक घेऊन भांडणार आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असणार. म्हणजे प्रश्नच सदोष आहे.

मग वर्ष सोडून द्या आणि क्रम विचारा.

[स्क्रीनवर: महाराष्ट्रातील कोणत्या ठिकाणाला सर्वप्रथम रामसर दर्जा मिळाला?
लोणार सरोवर / ठाणे खाडी / नांदूर मधमेश्वर / जायकवाडी]

आता तारीख कुठलीही धरा, नांदूर मधमेश्वरच पहिलं येतं. लोणार त्यानंतर २०२० मध्येच आलं, ठाणे खाडी २०२२ मध्ये. आणि पर्याय बघा. लोणार आणि ठाणे खाडी ही खरी रामसर स्थळं आहेत, म्हणून ज्याला यादी माहीत आहे पण क्रम माहीत नाही, तो तिथे अडकतो. जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे, नाव ओळखीचं आहे, म्हणून ज्याला यादीच माहीत नाही, तो तिकडे जातो. कुठला चुकीचा पर्याय निवडला यावरून त्या मुलाला नेमकं काय येत नाही ते कळतं. चुकीचे पर्याय असेच हवेत. इथे 'ताजमहाल' टाकून उपयोग नाही, त्याच्यावर कोणी बोट ठेवणार नाही आणि चार पर्यायांचे तीन होतील.

पर्यायांबद्दल अजून थोडं, कारण निम्मे प्रश्न इथेच बिघडतात. चारही पर्याय एकाच जातीचे ठेवा: चार नद्या, चार किल्ले, चार वर्षं. तीन नद्या आणि एक धरण असं नको. लांबी सारखी ठेवा. बरोबर उत्तर नेमकं हवं म्हणून आपण त्यात नकळत जास्त शब्द घालतो आणि सराईत मुलं न वाचता सगळ्यात लांब पर्याय दाबतात. बरोबर उत्तराची जागाही आपसूक दुसरी किंवा तिसरी होत जाते. त्यावर उपाय म्हणजे आठवड्याच्या सात जागा आधीच लिहून ठेवायच्या, समजा ३, १, ४, २, १, ३, २, आणि मग प्रश्न त्यात बसवायचे. वर्षं किंवा आकडे असतील तर मात्र चढत्या क्रमानेच लावा, नाहीतर वाचणारा विनाकारण गोंधळतो.

आता प्रश्नाच्या शब्दांकडे या. 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'सध्या' हे तीन शब्द दिसले की थांबा.

'भारतातला पहिला चित्रपट कोणता?' हा प्रश्न शेकडो ग्रुपवर फिरतोय. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. पण त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, त्याच ठिकाणी दादासाहेब तोरणे यांचा श्री पुंडलिक दाखवला गेला होता. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, म्हणून पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचा मान राजा हरिश्चंद्रला देतात. मग प्रश्नात 'पूर्ण लांबीचा कथापट' एवढं लिहा. तीनच शब्द वाढले आणि उत्तर एक झालं. स्पष्टीकरणात श्री पुंडलिकचा उल्लेख जरूर करा, तोरण्यांचं नाव मुलांना माहीत व्हायलाच हवं.

'सर्वांत जास्त उपग्रह असलेला ग्रह' घ्या. २०२३ च्या सुरुवातीला गुरू पुढे गेला होता, त्याच वर्षी मे महिन्यात शनी पुन्हा पुढे आला आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या नावावर एकदम १२८ नव्या उपग्रहांची नोंद होऊन संख्या २७४ झाली. आकडा विचारायचाच असेल तर 'मार्च २०२५ च्या नोंदीनुसार' असं लिहा.

किनारपट्टीचंही तसंच. वर्षानुवर्षं भारताचा किनारा ७,५१६.६ किमी असं पाठ केलं जायचं. आता केंद्र सरकारचा नवा आकडा ११,०९८ किमीच्या वर आहे. समुद्र वाढला नाही, जमीनही वाढली नाही. जास्त बारीक नकाशावर मोजणी केली, त्यामुळे खाड्या, वळणं, बेटांचे काठ नीट मोजले गेले. 'भारताचा किनारा किती?' याला आज दोन उत्तरं छापलेली सापडतील. आणि मला विचाराल तर लांबीपेक्षा 'लांबी का बदलली?' हा कितीतरी चांगला प्रश्न आहे. तो जरूर टाका.

'सध्या' हा शब्द तर सरळ बाद करा. सध्याचे राज्यपाल कोण, सध्या जिल्हे किती, असा प्रश्न सहा महिन्यांनी कोणी चॅनेल वर सरकवत वाचला तर त्याला चुकीचं शिकवतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३५ चे ३६ झाले, तरी अजून ३५ लिहिलेली चित्रं फिरतात. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं बदलून छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर झाली, त्यामुळे जुन्या प्रश्नसंचातला पर्याय जसाच्या तसा उचलता येत नाही. कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर तीच आहे, जिल्ह्याचं नाव मात्र बदललंय. केंद्रशासित प्रदेशही तसेच: दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० ला एकत्र झाले, तेव्हापासून ८. त्याआधीचे तीनेक महिने ९ होते, आणि नेमक्या त्या काळात छापलेली पुस्तकं आजही रद्दीच्या दुकानातून अभ्यासिकेत येतात.

आणखी एक प्रकार आहे, सगळ्यांना तोंडपाठ असलेला पण खोटा. 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' उत्तर हॉकी. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना सांगितलंय की कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. असा प्रश्न टाकायचा असेल तर 'असा कोणताही खेळ अधिकृतपणे जाहीर नाही' हा पर्याय ठेवा आणि वाद होईल, तयारीत राहा. हा वाद चांगला असतो, त्यातून पोरं मूळ कागद शोधायला शिकतात.

मग तपासायचं कुठे? दुसऱ्या ग्रुपवरून आलेलं चित्र हा पुरावा नाही. गूगलवर पहिल्या ओळीत जे दिसतं तेही नाही, कारण दहा वेबसाइट एकमेकांचंच उतरवतात, चूकसुद्धा तीच. महाराष्ट्राच्या आकड्यांसाठी राज्य सरकारची दरवर्षीची आर्थिक पाहणी आहे. ती अधिवेशनात अर्थसंकल्पाच्या तोंडावर मांडली जाते आणि मराठीतही मिळते. केंद्राच्या घोषणांसाठी पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन बघा. इतिहास-भूगोलासाठी बालभारतीची पुस्तकं, जिल्ह्यांच्या दर्शनिका आणि मराठी विश्वकोश. विश्वकोशाच्या छापील खंडांतले लोकसंख्येचे, उत्पादनाचे आकडे जुने असतात, तिथून संकल्पना घ्या, आकडे घेऊ नका. लोकसंख्या, साक्षरता, लिंग गुणोत्तर यात '२०११ च्या जनगणनेनुसार' हे शब्द प्रश्नातच हवेत. महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर ९२९, पण ते २०११ चं.

प्रत्येक प्रश्नाला दोन स्रोत, त्यातला एक तरी मूळचा. दोघांत फरक आला तर तो प्रश्न त्या दिवशी टाकायचा नाही, बाजूला ठेवायचा. खुद्द एमपीएससी पहिली उत्तरतालिका देते, हरकती मागवते आणि अंतिम तालिकेत काही प्रश्न रद्दही करते. तिथे तज्ज्ञ बसलेले असतात. आपण तर एकटेच रात्री फोनवर टाइप करत असतो.

यासाठी एक साधी शीट बनवा. रकाने असे: प्रश्न, चार पर्याय, उत्तर, स्पष्टीकरण, स्रोत आणि पान, तपासल्याची तारीख, टाकल्याची तारीख, किती टक्के बरोबर. उपक्रम जाहीर करण्याआधी किमान ३० प्रश्न तयार ठेवा. रोजचा रोज बनवायला गेलात तर आठव्या दिवशी लग्न, दहाव्या दिवशी लाइट गेलेली, आणि घाईत कुठलं तरी चित्र पुढे ढकललं जातं. आठवड्याला दोन प्रश्न महाराष्ट्राचे, एक राज्यघटनेचा, एक विज्ञानाचा, एक इतिहासाचा, एक चालू घडामोडींचा आणि रविवारी एखादा 'का?' विचारणारा. उदाहरणार्थ, जिल्हे ३६ पण जिल्हा परिषदा ३४ का? कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे जिल्हे पूर्ण शहरी आहेत, तिथे ग्रामीण भागच नाही.

आता फोन हातात घ्या. टेलिग्रामवर पोल तयार करताना क्विझ मोड चालू करा, बरोबर पर्यायावर खूण करा आणि स्पष्टीकरण भरा. स्पष्टीकरणाला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीला ती लवकर भरते. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, मोजणीत ती सहा आहेत. मघाच्या प्रश्नाचं स्पष्टीकरण असं बसेल:

[स्क्रीनवर: नांदूर मधमेश्वर (निफाड, नाशिक) हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. मग लोणार (२०२०), ठाणे खाडी (२०२२). जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, पण रामसर यादीत नाही.]

हे १५० च्या आत आहे. यातलं शेवटचं वाक्य मात्र उद्या बदलू शकतं, म्हणून टाकायच्या आदल्या दिवशी यादी पुन्हा बघायची. बरोबर उत्तर का बरोबर हे सगळेच लिहितात. चुकीचा पर्याय का चुकीचा हेही लिहा, चुकलेल्या मुलाला त्याचीच गरज असते.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फाइलमधून कॉपी केलं तर फोनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये अडचण वेगळी आहे. तिथल्या साध्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं आणि मत बदलताही येतं. वर्गातला हुशार मुलगा पहिला दाबतो आणि मागून सगळे तेच दाबतात. मोठ्या ग्रुपसाठी म्हणून टेलिग्राम बरा. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर एकापेक्षा जास्त उत्तरांची सोय आधी बंद करा, संध्याकाळी ८ ला प्रश्न टाका आणि सकाळी ८ ला स्पष्टीकरणासह उत्तर द्या. वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच ठेवा. यूट्यूबच्या पोस्टमध्येही क्विझ आहे, बरोबर उत्तराची खूण आणि स्पष्टीकरण दोन्ही देता येतं.

निकाल आल्यावर टक्के वाचायला शिका. ९० टक्क्यांच्या वर बरोबर आले तर प्रश्न सोपा होता, आठवड्यात असा एखादा असू द्या, नवीन मुलांना धीर येतो. चारही पर्यायांवर साधारण सारखी मतं पडली तर सगळ्यांनी अंदाज मारलाय, विषयच नवा आहे, त्यावर आधी माहिती द्या. आणि एखाद्या चुकीच्या पर्यायाला बरोबर उत्तरापेक्षा जास्त मतं मिळाली, तर पहिलं काम म्हणजे स्वतःची खूण तपासा. खूण बरोबर असेल तर तुम्हाला सगळ्यांचा एक पक्का गैरसमज सापडलाय. तोच मुद्दा तीन दिवसांनी उलट बाजूने विचारा, आणि पुन्हा महिन्याने.

खूण चुकलीच तर? पोल गुपचूप डिलीट करू नका. ज्यांनी तो पाहिलाय, त्यांच्या डोक्यात चुकीचं उत्तर तसंच राहील. मतदान थांबवा, त्याच पोलला रिप्लाय देऊन 'दुरुस्ती' असं पहिल्या शब्दात लिहा, बरोबर उत्तर आणि स्रोताचं पान द्या, आणि तो संदेश दिवसभर पिन करा. ज्याने चूक दाखवली, त्याचे सगळ्यांसमोर आभार माना. पुढच्या वेळी तो तुमच्या आधी तपासेल.

आता एक कच्चा प्रश्न तुमच्याकडे सोपवतो.

[स्क्रीनवर: भारतातील पहिली रेल्वे केव्हा धावली?]

माहिती ही घ्या: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, प्रवासी गाडी. त्याआधी १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्स इथे दगड वाहून नेणारी रेल्वे होती. प्रश्नाचे शब्द दुरुस्त करा, चार पर्याय लावा, २०० अक्षरांत स्पष्टीकरण लिहा आणि खाली पाठवा. त्यातले प्रश्न घेऊन पुढच्या व्हिडिओत एकेक पर्याय तपासू.