काशीला राहायला जाताना

(दृश्य: पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, नावेतून वर पाहताना)

"काशीस जावे, नित्य वदावे." आपल्या पणज्या हे आयुष्यभर म्हणत राहिल्या आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या नशिबी ती यात्रा आली. आज मुंबईहून सकाळच्या विमानानं निघालेला माणूस दुपारी गोदौलियाच्या चौकात उभा असतो. जाणं सोपं झालं, तसं म्हणणंही बदललं. चार दिवस घाटावर काढून आलेली माणसं आता विचारतात, "इथंच राहायला आलं तर?" नुकतेच निवृत्त झालेले विचारतात, तसे घरून नोकरी करणारे तिशीतलेही विचारतात.

प्रश्न गंभीर आहे आणि जुनाही आहे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीत येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट काशीच्या पंडितांत अग्रगण्य ठरले, आणि त्याच घराण्यातले गागाभट्ट 1674 साली शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780च्या सुमारास बांधून घेतलं. नावेतून जाताना भोसले घाट लागतो, शिंदे घाट लागतो. भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान दाखवतात. हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं, ते "आज" दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर 1883 साली इथल्याच मराठी घरात जन्मले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात आजही मराठी घरं आहेत. घरात मराठी, गल्लीत बनारसी, आणि भाद्रपदात गणपती.

यांतली जी घराणी इथे राहायला आली, ती आली कायमची. काहींनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही असा नेम केला. तो नेम आज कुणी घ्यावा असं आमचं म्हणणं नाही. पण राहणं म्हणजे काय, हे त्यांनी पक्कं ठरवलेलं होतं. आपल्याला ते नव्यानं ठरवावं लागणार आहे, कारण मधल्या काळात शहर बदललंय.

(दृश्य: विश्वनाथ धामचं प्रांगण, दर्शनाच्या रांगा)

उत्तर प्रदेश पर्यटन विभागाच्या मोजणीनुसार 2022 या एका वर्षात वाराणसीला सात कोटींहून जास्त लोक येऊन गेले. शहराची वस्ती 2011च्या जनगणनेत सुमारे 12 लाख. 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धाम, म्हणजे मंदिराभोवतीचा नवा विस्तारित परिसर, खुलं झालं आणि गर्दीचा आकडा कुठच्या कुठे गेला. पूर्वी मंदिराचा परिसर जेमतेम 3,000 चौरस फुटांचा होता, आता तो सुमारे 5 लाख चौरस फुटांचा आहे. म्हाताऱ्या माणसाला आज धक्काबुक्कीशिवाय दर्शन मिळतं, हे आम्ही मोकळेपणानं मान्य करतो. त्या मोकळ्या जागेसाठी 300हून जास्त मालमत्ता विकत घेतल्या गेल्या आणि सरकारी माहितीप्रमाणे सुमारे 1,400 दुकानदार, भाडेकरू आणि घरमालकांचं पुनर्वसन झालं. लाहोरी टोला नावाचा मोहल्ला जवळजवळ संपूर्ण गेला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या सकाळी दूध यायचं आणि संध्याकाळी ओट्यावर गप्पा रंगायच्या, तिथून आज भाविक चालत जातात. त्याचं आम्हाला वाईट वाटतं.

2025च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागराजच्या महाकुंभाला आलेले लोक पुढे काशीला आले. तेव्हा शहरातल्या लहान इयत्तांच्या शाळा बंद ठेवून वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले. कुंभ काही दरवर्षी नसतो. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र आणि कार्तिक पौर्णिमेची देव दिवाळी मात्र वर्ष चुकवत नाहीत. त्या दिवसांत मैदागिन ते गोदौलिया रस्ता वाहनांना बंद होतो, बॅरिकेड लागतात आणि गल्लीत राहणाऱ्यालाही आपल्या घरी पायी जावं लागतं. पाहुण्याला त्या गर्दीत आनंद वाटतो. ज्याला सकाळी दहाला कुठेतरी पोचायचंय, त्याचे हाल होतात.

(दृश्य: ब्रह्माघाटाजवळची गल्ली)

आता गल्लीत शिरू. रुंदी इतकी की समोरून बैल आला तर भिंतीला टेकून उभं राहावं. वर दोन्ही बाजूंच्या घरांच्या मधून आभाळाची पट्टी दिसते. खिडक्यांना आणि गच्च्यांना लोखंडी जाळ्या आहेत, त्या चोरांपेक्षा माकडांसाठी. वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाकीचं झाकण, स्वयंपाकघरातली केळी, काहीही उचललं जातं. सिलिंडर येतो तो खांद्यावरून किंवा हातगाडीवरून. उन्हाळ्यात ही गल्ली थंड असते, हे मात्र खरं. बाहेर पारा 44-45 अंशांवर असतो, लू वाहत असते, आणि जाड भिंतींच्या या घरांत दुपारी डोळा लागतो. ज्यांनी ही घरं बांधली त्यांना आपलं हवामान ठाऊक होतं.

समजा, या घराच्या दुसऱ्या मजल्यावर एक सत्तरीचे गृहस्थ राहतात आणि रात्री अकराला त्यांच्या छातीत कळ आली. जिना अरुंद, उंच पायऱ्यांचा. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीसुद्धा येत नाही, ती मुख्य रस्त्यावर थांबते. तिथपर्यंत त्यांना उचलून न्यावं लागतं, खुर्चीवर बसवून किंवा चादरीत. नेणारं कोण? शेजारी. खालच्या मजल्यावरचं कुटुंब, समोरचा पानवाला, पलीकडच्या घरातली दोन जवान मुलं. शेजार असेल तर गृहस्थ वीस मिनिटांत गाडीत असतात. खालच्या मजल्यावर होम-स्टे असेल आणि समोरचं घर गेस्टहाउस झालं असेल, तर दार कुणाचं ठोठावणार? आत झोपलेले लोक उद्या सकाळी सारनाथला जाणार असतात. त्यांना गल्लीतून बाहेर पडायची वाटही सापडत नाही.

काशीत घर बघताना घाट किती जवळ, खिडकीतून गंगा दिसते का, हेच लोक आधी विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न शेजारात वर्षभर राहणारी घरं किती, हा असावा. संध्याकाळी गल्लीतून फिरा. कुठल्या दारात चपलांचे लहान-मोठे जोड आहेत आणि कुठल्या दारावर खोल्यांची पाटी आहे, ते बघा. दुधाची किटली कुठे थांबते ते बघा. दलाल हे सांगणार नाही, कारण त्याला पाटीचं घर जास्त भावाचं वाटतं.

कायद्याची बाजूही समजून घ्या. गंगेपासून 200 मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, जुन्या घराच्या दुरुस्तीलाही विकास प्राधिकरणाची परवानगी लागते. जुन्या वाड्यांना हिस्सेदार बरेच असतात, वर भाडेकरूही. स्थानिक वकिलाला कागद दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

(दृश्य: पुरात बुडालेले घाट, फक्त देवळांचे कळस वर)

आणि पावसाळा. काशीच्या पोस्टरवर तो कधीच नसतो. ऑगस्टमध्ये गंगा चढते, आणि घाटाघाटांना जोडणारी ती प्रसिद्ध वाट पाण्याखाली जाते. नावा बंद होतात. दशाश्वमेधाची आरती छतावर होते. मणिकर्णिकेवर चिता वरच्या गच्चीवर रचतात, हरिश्चंद्र घाटावर तर शेजारच्या गल्लीत. राजघाटाच्या मोजपट्टीवर 70.262 मीटर ही इशाऱ्याची पातळी, 71.262 धोक्याची. 1978च्या सप्टेंबरात पाणी 73.901 मीटरवर गेलं होतं, तो उच्चांक अजून मोडलेला नाही. पण 2021, 2022 आणि 2025 सालीही धोक्याची पातळी ओलांडली गेली.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. जुनी काशी नदीच्या उंच काठावर वसलीय. घाटाच्या पायऱ्या इतक्या खोल उतरतात त्या म्हणूनच, आणि पक्क्या महालाच्या, म्हणजे घाटांमागच्या जुन्या दाट वस्तीच्या, बहुतेक गल्ल्या पुरातही कोरड्या राहतात. बुडतात त्या नंतर वाढलेल्या सखल वस्त्या. गंगा फुगली की तिला मिळणाऱ्या वरुणा नदीचं पाणी उलटं शिरतं; कोनिया, सरैया, नक्खीघाट, हुकुलगंज इथली घरं रिकामी करावी लागतात. दक्षिणेकडे नगवा आणि सामनेघाटच्या बाजूलाही तेच. बाहेरून येणाऱ्याला नेमके असेच भूखंड दाखवले जातात: गंगेच्या जवळ, विद्यापीठाच्या जवळ, जुन्या शहरापेक्षा स्वस्त. फेब्रुवारीत बघितलं तर तिथे मोहरीची पिवळी फुलं दिसतील. म्हणून भूखंड दाखवणाऱ्यापाशी न थांबता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा आणि विचारा, "गुरू, बाढ़ में पानी कहाँ तक आया था?" दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो. तो हात कुठे टेकला, त्यावरून निम्मा निर्णय होतो.

पाणी ओसरलं की मागे गाळ राहतो, पुरुषभर उंचीचासुद्धा. तो पंपाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा नदीत ढकलतात. यात आठवडेच्या आठवडे जातात.

(दृश्य: लंका चौक, विद्यापीठाचं महाद्वार)

काशीचे बरेच नोकरदार घाटावर राहत नाहीत. ते सिगरा, महमूरगंज, भेलूपूर, लंका, सुंदरपूर, शिवपूर अशा भागांत राहतात आणि सणासुदीला घाटावर येतात. निवृत्त माणसाला, विशेषतः ज्याचे गुडघे दुखतात त्याला, आम्ही लंकेच्या बाजूचा पर्याय आधी बघायला सांगू. 1916 साली स्थापन झालेलं काशी हिंदू विश्वविद्यालय जवळ, आवारात सर सुंदरलाल रुग्णालय, आणि 2019पासून टाटा मेमोरियलचं महामना कर्करोग केंद्र. पूर्वांचल आणि बिहारमधून रुग्ण इथे येतात, त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात पहाटेपासून रांग असते. पण डॉक्टर आहेत, औषधं आहेत, आणि रुग्णवाहिका दारापर्यंत येते. तिथून अस्सी घाट रोज गाठता येतो. ज्याला गल्लीतच राहायचंय त्यानं तळमजला बघावा.

पूर्णपणे एकटं असलेल्या वृद्धांसाठी अस्सीजवळचं मुमुक्षु भवन आहे. काशीवासासाठी आलेले लोक तिथे वर्षानुवर्षं राहतात. ज्या घराण्यांत मुलं परदेशी आहेत, त्यांनी ही सोय एकदा स्वतः जाऊन बघावी.

अंतराचाही विचार करा. मुंबई ते वाराणसी रेल्वेनं सुमारे 1,500 किलोमीटर. महानगरी एक्स्प्रेसला एक दिवसाहून जास्त लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं, विमानंही रखडतात. नातवाची मुंज, बहिणीचं आजारपण, भावाच्या घरचं कार्य, या सगळ्यांना "आज निघालो, संध्याकाळी पोचलो" असं दर वेळी होईलच असं नाही.

तिशीतल्या मंडळींना थोडं वेगळं सांगायचंय. घरून काम चालेल. जुन्या शहरातल्या बऱ्याच भागात विजेच्या तारा जमिनीखाली गेल्यात, इंटरनेट मिळतं. पण तुमचं काम सुटलं तर इथे दुसरं मिळेल का? विणकाम आणि साडीचा व्यापार, विद्यापीठ, रुग्णालयं आणि पर्यटन, यांवर हे शहर उभं आहे. पुण्यासारखी सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग इथे नाही. आणि पुण्याचा पगार घेऊन तुम्ही इथे दुप्पट भाडं सहज देऊ शकता, तेव्हा ते भाडं न परवडणारं एखादं बनारसी कुटुंब शहराबाहेर सरकतं. तुमचा दोष नसला तरी परिणाम तुमच्यामुळे होतो. भाव ठरवताना आसपासचा दर विचारा आणि तेवढाच द्या.

एक गोष्ट मात्र आम्ही करू नका असंच सांगू: जुन्या मोहल्ल्यात घर विकत घेऊन वर्षातले दहा महिने खोल्या पाहुण्यांना देणं. व्यवहार फायद्याचा आहे, त्यात बेकायदा असं काही नसेलही. पण अशा प्रत्येक घरासोबत गल्लीतलं एक बिऱ्हाड कमी होतं. रात्री अकराला खुर्ची उचलायला येणारे दोन हात कमी होतात. ज्या काशीसाठी तुम्ही येताय ती या बिऱ्हाडांनीच चालवलीय. राहायला येणार असाल तर राहायलाच या. मुलं इथल्या शाळेत घाला, मतदार यादीत नाव घाला, सकाळी कचौरीच्या दुकानात रोज तेच तोंड दिसू द्या. बनारसी माणूस भांडतोही आणि जीवही लावतो. महिनाभरात तो तुमच्या घरी न विचारता येऊ लागेल.

ठरवायचं कसं? देव दिवाळीला येऊन ठरवू नका, मलाईयोच्या, म्हणजे दुधाच्या फेसाच्या त्या हिवाळी मिठाईच्या, थंडीतही नको. जूनमध्ये या, भाड्यानं घर घ्या आणि दसऱ्यापर्यंत राहा. लू बघा, श्रावणी सोमवारची गर्दी बघा, गंगा चढताना आणि उतरताना बघा. एकदा दवाखान्याच्या रांगेत उभे राहा. जोडप्यानं येत असाल तर दोघांनी वेगवेगळा विचार करा. एकाला घाट मिळाला म्हणजे दुसऱ्याला सोबत मिळाली असं होत नाही, आणि मराठी बोलायला कुणी नसलं की आधी कोमेजते ती घरात जास्त वेळ असणारी व्यक्ती. ब्रह्माघाटाच्या गणपतीला जाऊन तिथल्या मराठी घरांशी ओळख करून घ्या, जुन्या माणसांना त्यांचे अनुभव विचारा. ते चांगलं-वाईट दोन्ही सांगतील.

आणि दसऱ्याला परत येईपर्यंत महाराष्ट्रातलं आपलं घर विकू नका, भाड्यानंही देऊ नका.